छत्री बसेल की टाके पडतील? जन्मजात हृदयदोषांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं : घरात कुणाला जन्मापासून हृदयाचा दोष आहे आणि छाती न उघडता, मांडीतून नळी घालून उपचार करायचं घाटतंय, तर तुमच्या शंका काय आहेत? पत्रं कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत सगळीकडून आली. सारख्या शंका एकत्र केल्या आणि नावं गाळली. उत्तरं बालहृदयरोग, भूल आणि कॅथ लॅब (नळी घालून हृदयावर उपचार करायची खोली) या तिन्हींची माहिती असलेल्यांनी मिळून लिहिली आहेत. ‘छत्री’ म्हणजे नळीतून नेऊन हृदयातलं छिद्र बंद करणारं, तारेचं विणलेलं बूच.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, वजन १७ किलो. शाळेतल्या तपासणीत छातीत आवाज ऐकू आला म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टवर ‘एएसडी, ऑस्टियम सेकंडम, १८ मिलिमीटर’ असं आहे. एक डॉक्टर म्हणतात छत्री बसेल, दुसरे म्हणतात ऑपरेशनच करा. पोरीला तर काही त्रास नाही, दिवसभर हुंदडते. कुणाचं ऐकायचं? (शाहूवाडी तालुका)

उत्तर : कुणाचंही ऐकण्याआधी रिपोर्टमध्ये छिद्राच्या कडांबद्दल काय लिहिलंय ते बघा. नुसत्या १८ या आकड्यावर निर्णय होत नाही.

एएसडी म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र. ते मुख्यतः तीन ठिकाणी असू शकतं. मधोमध असेल तर ते सेकंडम. खाली झडपांना चिकटून असेल तर प्रायमम, आणि वर, डोक्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेजवळ असेल तर सायनस व्हीनोसस. छत्री बसते ती सेकंडमला, कारण तिथे चारी बाजूंनी पडदा शिल्लक असण्याची शक्यता असते. प्रायममला ऑपरेशनच लागतं. सायनस व्हीनोससलाही मुलांमध्ये ऑपरेशनच करतात. तुमच्या मुलीचं सेकंडम आहे, म्हणजे पहिली पायरी पार झाली.

दुसरी पायरी कडांची. छत्री म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारेने विणलेल्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये जाड मान. शिंप्याकडच्या दोऱ्याच्या रिळासारखा आकार. मान छिद्रात बसते आणि चकत्या दोन्ही बाजूंनी पडद्याला धरतात. धरायला कड लागते, बहुतेक बाजूंना किमान ५ मिलिमीटर. महाधमनीकडची कड अनेकांना अपुरी असते आणि तरीही छत्री बसते. पण खालची, पोटाकडून येणाऱ्या मोठ्या शिरेजवळची कड नसेल तर छत्री निसटण्याचा धोका खरा आहे. अशा वेळी ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर बरोबर असतात. छातीवरून केलेल्या साध्या इकोत ही कड नीट दिसेलच असं नाही. दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. शंका उरली तर भूल देऊन अन्ननलिकेतून इको करतात आणि प्रश्न तिथे मिटतो.

तिसरी पायरी जागेची, आणि ती बहुतेक पालकांना कुणी समजावत नाही. १८ मिलिमीटरच्या छिद्राला २० ते २२ मिलिमीटर मानेची छत्री लागते. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकारात २० च्या छत्रीची डावी चकती मानेपेक्षा १४ मिलिमीटर मोठी, म्हणजे ३४ मिलिमीटर असते. तिला मावायला पडद्याची एकूण लांबी त्याहून जास्त हवी. पडदा ३२ मिलिमीटरचाच असेल तर चकती एकतर झडपेला घासेल, नाहीतर कप्प्याच्या छताला टेकेल. म्हणून डॉक्टरांना तीन आकडे विचारा : छिद्र किती, पडद्याची पूर्ण लांबी किती, खालची कड किती. हे तीन आकडे ज्यांनी मोजलेत त्यांच्या सल्ल्याला जास्त वजन द्या, मग सल्ला कोणताही असो.

त्रास नाही हे स्वाभाविक आहे. या दोषात लहानपणी बहुधा लक्षणं नसतात. जादा रक्त उजव्या बाजूला जात राहतं, उजवे कप्पे वर्षानुवर्षं ताणले जातात आणि तिशी-चाळिशीत धाप, अनियमित ठोके, फुफ्फुसातला वाढलेला दाब असं एकेक सुरू होतं. बंद करण्याचं सोयीचं वय साधारण ३ ते ५ वर्षं, वजन १५ किलोच्या पुढे. सहाव्या वर्षीही वेळ टळलेली नाही. पुढच्या आठवड्यात करा अशी घाई नाही, मेच्या सुट्टीत करता येईल. पण ‘दहावी झाल्यावर बघू’ असं मात्र करू नका.

प्रश्न : प्रत्यक्ष कॅथ लॅबमध्ये काय करतात? पूर्ण बेशुद्ध करतात का? रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? (कागल)

उत्तर : उपासाचं आधी, कारण तारीख रद्द होण्याचं ते एक मोठं कारण आहे. भूल देण्याच्या ६ तास आधी जेवण, वरचं दूध, बिस्किटं बंद. आईचं दूध ४ तास आधीपर्यंत. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं आणि ते द्यावं. आजीने प्रेमाने सकाळी चमचाभर चहा पाजला तरी डॉक्टरांना सांगून टाका. लपवलं तर भुलेत उलटी होऊन फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. जे मूल निळं पडतं त्याचं रक्त घट्ट असतं. त्याला तहानलेलं ठेवायचं नाही, उपास लांबला तर शिरेतून सलाइन लावायला सांगा. सर्दी, ताप, खोकला असेल तर आदल्या दिवशीच फोन करा. आणि दात किडलेले असतील तर ते आधी बरे करून घ्यायचे, कारण दातातले जंतू रक्तात शिरून नव्या छत्रीवर बसू शकतात.

अन्ननलिकेतून इको करायचा असल्यामुळे एएसडीसाठी लहान मुलांना पूर्ण भूल देतात. एकूण वेळ तास-दोन तास. जांघेतल्या शिरेत सुई घालून त्यातून तार आणि तारेवरून शीथ नावाची पोकळ नळी जाते. शीथचं माप फ्रेंचमध्ये असतं. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. २० च्या छत्रीला साधारण ९ फ्रेंच, म्हणजे आतून ३ मिलिमीटरची शीथ लागते. रक्त गोठू नये म्हणून किलोमागे १०० युनिट हेपॅरिन देतात, आणि गोठायला लागणारा वेळ २००-२५० सेकंदांच्या वर आहे ना हे तिथल्या तिथे तपासतात. मग प्रत्येक कप्प्यातला दाब आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतात.

तार छिद्रातून पलीकडे डाव्या फुफ्फुसाच्या शिरेत नेऊन ठेवतात आणि तिच्यावरून शीथ डाव्या कप्प्यात. या क्षणी सगळ्यात जास्त काळजी हवेची. शीथमध्ये राहिलेला हवेचा बुडबुडा डाव्या बाजूला गेला तर तो मेंदूत किंवा हृदयाच्या स्वतःच्या धमनीत जाऊ शकतो, म्हणून शीथमधली हवा हळूहळू आणि पाण्याखाली बाहेर काढतात. छत्री दाबून, लांबट करून शीथमधून ढकलली जाते. आधी डावी चकती उघडते, ती पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढतात, मग मान, मग उजवी चकती. त्यानंतर छत्री तारेने पुढे-मागे हलवून बघतात. इकोवाले डॉक्टर झडपा, फुफ्फुसाच्या शिरा आणि दोन्ही मोठ्या शिरा मोकळ्या आहेत का ते एकेक करून तपासतात. सगळं जमलं तरच तार उलटी फिरवून छत्री मोकळी करतात. मोकळी करण्याआधी ती कितीही वेळा परत शीथमध्ये घेता येते. म्हणून ‘दोनदा घातली, दोनदा काढली, शेवटी ऑपरेशनला पाठवलं’ असं कुणी सांगितलं तर त्या डॉक्टरांना नावं ठेवू नका. न बसणारी छत्री रेटून बसवण्यापेक्षा तो निर्णय चांगला.

नंतर पाय ४ ते ६ तास सरळ. नर्स दर थोड्या वेळाने पावलाची नाडी बघते. तुम्हीही हात लावून बघा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार किंवा फिकट लागलं तर लगेच सांगा. लहान बाळांत, विशेषतः धमनीत नळी घातली असेल तर, गुठळी होऊ शकते आणि पहिल्या काही तासांत हेपॅरिन दिलं तर बहुधा ती सुटते. घरी येताना सुईच्या जागेतून रक्त आलं तर दोन बोटांनी त्या जागी आणि किंचित वर, १० मिनिटं न सोडता दाबा. मध्येच उचलून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि मग वेळ पहिल्यापासून मोजावी लागते. पुण्याहून येणार असाल तर रस्ता सव्वादोनशे किलोमीटरचा आहे. पोराला मागच्या सीटवर पाय पसरून बसवा.

प्रश्न : छत्रीनंतर ॲस्पिरिन दिलंय सहा महिने. एवढ्या लहान मुलाला हे औषध चालतं का? (गडहिंग्लज)

उत्तर : चालतं. मात्रा किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम असते, म्हणजे १७ किलोच्या मुलाला रोज ५० ते ८५. बहुधा ७५ ची गोळी देतात, जेवणानंतर. सहा महिन्यांत छत्रीवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढतं आणि मग गुठळीची भीती राहत नाही. दोन गोष्टी सांभाळा. मध्येच कांजिण्या किंवा फ्लू झाला तर ॲस्पिरिन चालू ठेवायचं की थांबवायचं हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. या दोन आजारांत ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला क्वचित पण गंभीर इजा होते. आणि तापाला पॅरासिटामॉल द्या, आयब्युप्रोफेन मनाने नको. याच सहा महिन्यांत दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी २६ ची छत्री बसवली. आता म्हणतो, सीझन सुरू होतोय, शाहू स्टेडियमवर उतरणारच. काय करावं? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : या सीझनला बाकावर. पहिला महिनाभर पळणं, वजन उचलणं, जोर-बैठका सगळं बंद. चालायला हरकत नाही. छातीवर धक्का बसू शकतो असे खेळ, म्हणजे फुटबॉल, कबड्डी, कुस्ती, हे किमान तीन ते सहा महिने नाहीत. अस्तर चढेपर्यंत छत्री फक्त तारेच्या ताणावर बसलेली असते. निसटण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि निसटलीच तर बहुधा पहिल्या दिवसात. म्हणून दुसऱ्या दिवशी इको केल्याशिवाय घरी सोडत नाहीत. निसटलेली छत्री फास टाकून नळीतूनच काढता येते, नाहीतर ऑपरेशन करून.

तरुण मुलांत ज्याची खरी काळजी घ्यायची तो प्रकार वेगळा आहे, दुर्मीळ आहे आणि उशिराही होऊ शकतो. महाधमनीकडची कड अपुरी आणि त्यात छत्री गरजेपेक्षा मोठी असेल, तर तिची कड प्रत्येक ठोक्याला कप्प्याच्या भिंतीला घासत राहते आणि कधीतरी भिंत झिजते. प्रमाण हजारात एक ते तीन, पण झालं तर हृदयाभोवती रक्त साचतं आणि जीवावर बेततं. छातीत नवं दुखणं, चक्कर, घेरी, अचानक धाप यातलं काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू द्यायचं नाही. थेट दवाखाना आणि तासाभरात इको. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं : एएसडीची छत्री आहे. तालमीतल्या दोन जणांना आणि कोचला हे माहीत असलं पाहिजे.

पुढचे इको १ महिना, ६ महिने, १ वर्ष आणि नंतर काही वर्षांनी एकदा. सहा महिन्यांचा इको चांगला असेल आणि उजवा कप्पा आकसत असेल तर पुढच्या सीझनला पूर्ण वेळ खेळू द्या. त्यानंतर त्याला जपून ठेवण्याचं कारण उरत नाही.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं, वजन फक्त ६.२ किलो. दूध पिताना थांबतं, कपाळाला घाम येतो, दोनदा न्यूमोनिया झाला. पीडीए ३ मिलिमीटर आहे. इतक्या लहान बाळाला नळीतून करता येतं का? (हातकणंगले)

उत्तर : येतं, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं पाहता थांबू नये. पीडीए ही पोटात असताना सगळ्यांना असलेली नळी; जन्मानंतर ती बंद व्हायची ती झाली नाही. महाधमनीतलं रक्त तिच्यातून फुफ्फुसात परत जातं, फुफ्फुसं ओली राहतात, न्यूमोनिया होतो. आधी न्यूमोनिया पूर्ण बरा होऊ द्या. छातीत घरघर असताना भूल देणं धोक्याचं. तोवर लघवीचं औषध चुकवू नका.

इथे वापरतात तो प्लग बुचासारखा निमुळता असतो आणि त्यावर दोन आकडे असतात : ६/४, ८/६, १०/८ असे. दुसरा आकडा फुफ्फुसाकडच्या टोकाचा. तो पीडीएच्या सर्वात अरुंद जागेपेक्षा किमान २ मिलिमीटरने मोठा हवा, म्हणून ३ मिलिमीटरला बहुधा ८/६. पण बाळ लहान असल्यामुळे प्लगचं एक टोक महाधमनीत किंवा डाव्या फुफ्फुसाच्या धमनीत डोकावून तिथे अडथळा तर करत नाही ना, हे मोकळा करण्याआधी मोजतात. अडथळा दिसला तर तो काढून दुसरा आकार लावतात.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस लंगोट बघत राहा. लघवी गडद, कोकम सरबतासारखी किंवा कोलासारखी आली तर समजा की थोडी गळती उरली आहे आणि त्या जोराच्या धारेत रक्तपेशी फुटताहेत. हे कमी वेळा होतं, बऱ्याचदा गळती थांबली की आपोआप थांबतं, पण कळवायचं त्याच दिवशी. वजन मात्र महिन्याभरात वाढताना दिसायला लागेल.

प्रश्न : आमच्या शेजारच्या मुलाचं छिद्र छत्रीने बंद झालं. आमच्या तीन वर्षांच्या मुलाला मात्र व्हीएसडी आहे, छत्री नको, ऑपरेशन म्हणतात. योजनेत बसवायला म्हणून असं सांगताहेत का? (इचलकरंजी)

उत्तर : संशय समजण्यासारखा आहे, पण कारण बहुधा वैद्यकीयच असेल. व्हीएसडी खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीत असतं. ते स्नायूच्या मधल्या भागात असेल तर छत्री चांगली बसते. सगळ्यात जास्त आढळतं ते पडद्याच्या वरच्या पातळ भागातलं, आणि त्याच्या कडेने हृदयाला ठोका पोचवणारी विजेची वाट जाते. छत्रीने ती दाबली गेली तर ठोक्यांचा वेग एकदम उतरतो. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. तो लगेचच नव्हे तर काही आठवड्यांनीही होऊ शकतो, आणि मग कायमचा पेसमेकर बसवावा लागण्याची वेळ येते. दुसरा धोका महाधमनीच्या झडपेचा. छिद्र झडपेच्या अगदी खाली असेल तर झडपेची पाकळी छिद्रात ओढली जाते आणि झडप गळू लागते. असं सुरू झालं असेल तर ऑपरेशनच योग्य, आणि लवकर.

डॉक्टरांना हे विचारा : छिद्रापासून महाधमनीच्या झडपेपर्यंत किती मिलिमीटर जागा आहे? पाकळी खाली ओढली गेलीय का? नेहमीच्या छत्रीसाठी किमान २ मिलिमीटर जागा तरी हवी. आणि ज्यांच्याकडे छत्री बसवाल त्यांनी नंतर ईसीजीचं वेळापत्रक लिहून दिलं पाहिजे. ते दिलं नाही तर दुसरीकडे दाखवा, असंच आमचं स्पष्ट मत आहे.

बाकी, अनेक छोटी छिद्रं, विशेषतः स्नायूतली, पहिल्या काही वर्षांत आपोआप बंद होतात. तिथे काहीच न करणं हाच उपचार.

प्रश्न : आईचं वय ४२. धाप लागते म्हणून तपासलं तर एएसडी निघाला, २८ मिलिमीटर. इकोत फुफ्फुसाचा दाब ७० आहे. एक जण म्हणाले उशीर झाला, आता बंद करता येणार नाही. खरं का? (शिरोळ)

उत्तर : इकोतल्या ७० वरून कुणीच हे ठरवू नये. दाब दोन कारणांनी वाढतो : रक्त जास्त वाहतं म्हणून, किंवा फुफ्फुसाच्या धमन्या कडक झाल्या म्हणून. पहिल्यात छिद्र बंद केलं की दाब उतरतो, दुसऱ्यात बंद केलं तर उजव्या बाजूची सुटकेची वाट बंद होऊन माणूस खालावतो. फरक कळतो तो नळी घालून मोजल्यावर.

हिशेब सोपा आहे. फुफ्फुसातला सरासरी दाब, वजा डाव्या कप्प्यातला दाब, भागिले फुफ्फुसातून मिनिटाला वाहणारं रक्त. समजा सरासरी दाब ४०, डावा कप्पा १०, आणि फुफ्फुसातून मिनिटाला १० लिटर वाहतंय. ३० भागिले १०, म्हणजे रोध (फुफ्फुसाच्या धमन्या रक्ताला करतात तो अडथळा) ३ वूड युनिट. शरीराला ४ लिटर जातंय, म्हणजे फुफ्फुसात अडीचपट रक्त. अशा बाईचं छिद्र बंद करावं. आता दाब तोच ४०, पण फुफ्फुसातून ४ लिटरच वाहतंय : ३० भागिले ४, साडेसात. इथे हात लावायचा नाही; आधी गोळ्या, सहा महिन्यांनी पुन्हा मोजमाप. मोठ्या माणसांत ५ वूड युनिटच्या आत आणि रक्त दीडपटीच्या वर असेल तर बंद करणं सुरक्षित मानतात. ओठ-नखं निळी झाली असतील, किंवा जिना चढल्यावर बोटावरचा ऑक्सिजन खाली येत असेल, तर बहुतेक उत्तर नाही असंच येतं.

चाळिशीनंतर आणखी एक गोष्ट बघायची असते. इतकी वर्षं डाव्या खालच्या कप्प्याला कमी रक्ताची सवय झालेली असते. छिद्र एकदम बंद केलं की सगळं रक्त त्याच्याकडे येतं, तो कडक असेल तर मागे फुफ्फुसात पाणी भरतं. म्हणून छिद्र आधी फुग्याने १०-१५ मिनिटं बंद ठेवून डाव्या कप्प्यातला दाब बघतात. फार चढला तर काही दिवस औषधं देऊन पुन्हा प्रयत्न करतात, किंवा मुद्दाम बारीक भोक ठेवलेली छत्री वापरतात. ठोके अनियमित असतील तर त्याचा उपचार छत्रीच्या आधी ठरवून घ्या, नंतर डाव्या कप्प्यात नळीने पोचणं अवघड होतं. हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफीही त्याच बैठकीत करून घेतात.

आई मिश्री लावत असतील तर ती आत्ताच सुटलेली बरी. खराब हिरड्या, वर रक्त पातळ करणारी गोळी आणि हृदयात नवी वस्तू, हे तिन्ही एकत्र नको.

प्रश्न : नातू दुसऱ्या दिवशीच निळा पडला. मोठ्या धमन्या उलट्या जोडल्यात म्हणाले, फुग्याने भोक मोठं केलं. असलेली भोकं बंद करतात, इथे मोठं का केलं? (राधानगरी)

उत्तर : या दोषात, म्हणजे टीजीएमध्ये, शुद्ध रक्त फुफ्फुसाकडेच फिरत राहतं आणि अशुद्ध रक्त शरीरात. दोन्ही कुठेतरी मिसळले तरच बाळ जगतं. ती जागा म्हणजे वरच्या पडद्यातलं छोटं छिद्र. फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये ही युक्ती दाखवली. बेंबीच्या किंवा जांघेतल्या शिरेतून फुगा डाव्या वरच्या कप्प्यात नेतात, ३-४ मिलिलिटर द्रवाने फुगवतात आणि एका झटक्यात उजवीकडे ओढतात. पडदा फाटतो. हळू ओढलं तर नुसता ताणतो आणि काही वेळाने पुन्हा आकसतो, म्हणून झटका. इकोवर बघत हे अतिदक्षता विभागात पाळण्यापाशीच करता येतं. हा तात्पुरता उपाय आहे. धमन्या अदलाबदल करण्याचं ऑपरेशन साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावं लागतं. उशीर झाला तर डावा खालचा कप्पा कमी दाबाला सरावून अशक्त होतो.

इथल्या सगळ्या नव्या आईबापांसाठी : बाळ २४ तासांचं झालं की उजव्या हाताचा आणि एका पायाचा ऑक्सिजन मोजून घ्या. कुठलाही आकडा ९० च्या खाली असेल तर लगेच इको. दोन्ही ९५ च्या खाली, किंवा हात आणि पाय यांत ३ पेक्षा जास्त फरक असेल तर तासाभराने पुन्हा मोजायचं, तिसऱ्यांदाही तसंच आलं तर इको. पुण्या-मुंबईला हलवावं लागलं तर प्रोस्टाग्लँडिनचं (पीडीए उघडी ठेवणारं) इंजेक्शन सुरू करून, श्वासाची नळी घालण्याची तयारी असलेल्या रुग्णवाहिकेतूनच न्या. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, आणि घाटात गाडी उभी करून काही करता येत नाही.

प्रश्न : फुफ्फुसाकडची झडप अरुंद होती, फुग्याने उघडली. पुन्हा बंद होईल का? (पन्हाळा तालुका)

उत्तर : सहसा नाही. फुगा झडपेच्या व्यासाच्या १.२ ते १.२५ पट घेतात. त्याहून मोठा घेतला तर झडप जास्त फाटते आणि गळते. थोडी गळती बहुतेकांना राहते आणि वर्षानुवर्षं त्रास देत नाही. पाकळ्या जन्मतःच जाड, गुठळीदार असतील तर फुग्याचा उपयोग कमी होतो. दोन-तीन वर्षांनी इको करत राहा, तिशीनंतरही.

प्रश्न : पैशांचं काय? (अनेक पत्रं)

उत्तर : १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सुरुवात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापासून करा. तेच पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात आणि तिथून पुढची फाईल होते. मोठ्या माणसांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर रुग्णालयात, किंवा योजनेतल्या कोणत्याही रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) बसतात, त्यांना भेटा. रेशनकार्ड, आधार, इकोचा रिपोर्ट आणि बाळाचं नाव कार्डावर चढलं नसेल तर जन्मदाखला बरोबर न्या. मंजुरी उपचाराच्या आधी लागते. आधी दाखल होऊन पैसे भरले आणि मग कागद दिले, तर ते परत मिळवणं जिकिरीचं होतं. छत्रीची किंमत पॅकेजमध्ये धरलीय का, एक छत्री न बसल्यास दुसरीचे पैसे कुणी भरायचे, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

प्रश्न : मला बेन्टेक्सच्या दागिन्यांनी खाज सुटते. छत्रीत निकेल असतं म्हणे. आणि पुढे एमआरआय करता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : निकेल निम्म्याहून जास्त असतं, वजनाने ५५ टक्क्यांच्या आसपास. खाज सुटणाऱ्या बहुतेकांना छत्रीचा काही त्रास होत नाही. तरी डॉक्टरांना आधी सांगा, त्वचेवर पट्टी लावून चाचणी करता येते. पहिल्या काही आठवड्यांत अर्धशिशीसारखं डोकं दुखणं काहींना होतं, तेही कळवायचं. एमआरआय चालतो, १.५ आणि ३ टेस्ला दोन्ही. विमानतळाच्या दारात घंटा वाजत नाही. छत्रीबरोबर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मिळतं. त्याचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा, कारण एमआरआयवाले तेच मागतात.